बेंबीचं खातं

मराठी भाषेने बेंबीला एकच काम दिलंय : तिच्या देठापासून ओरडणं. बाकीच्या अवयवांची भाषेत केवढी चैन आहे पाहा! नाकाने कांदे सोलावेत, डोळ्यांत तेल घालावं, कुणाच्या पोटात शिरावं, कुणाच्या कानाशी लागावं. बेंबी बिचारी जन्मभर गंजिफ्रॉकाच्या आत, मालक कधी ओरडतोय याची वाट बघत बसलेली. आणि मालक बँकेत असेल तर तो ओरडतच नाही. ओरडतात ती समोरची गिऱ्हाइकं.

खरं म्हणजे एके काळी हीच मुख्य शाखा होती. जन्माआधीचे सगळे व्यवहार ह्याच खिडकीवर. जमा इथून, खर्च इथून. आईबरोबरचं जॉइंट अकाउंटच म्हणा ना. मूल बाहेर आलं, तोंड नावाचं नवीन खातं उघडलं, की जुनं कायमचं बंद. मागे उरते ती बेंबी म्हणजे इथे एक खातं होतं एवढं सांगणारा शिक्का.

पण क्वचित हे खातं नीट बंद होत नाही. शिक्का पुसट उठतो म्हणा ना. पोटाच्या भिंतीतली ती खिडकी किलकिली राहते आणि आतली चरबी, बाहेर कसली गडबड चाललीय ते बघायला डोकावते. ह्याला बेंबीचा हर्निया म्हणतात. तो तान्ह्या मुलांना होतो, वासरांना होतो, आणि कुत्र्याच्या पिल्लांनाही होतो. हे ज्ञान बी. कॉम.ला नव्हतं. ते मला पुरीने दिलं.

पुरी म्हणजे आमची कुत्री. गेल्या डिसेंबरात आमच्या शाखेच्या मागे, एसीच्या यंत्राखाली एक गावठी कुत्री व्याली. चार पिल्लं. तीन कुत्रे आणि एक कुत्री. तिन्ही कुत्रे हां हां म्हणता खपले. कुणी आगर राखायला नेला, कुणी घर राखायला. कुत्रीला मात्र कुणी विचारीना. गुहागरातली माणसं तशी पुढारलेली. पण ‘मुलगी आहे’ म्हटल्यावर जी शांतता पसरते ती कुत्र्यांच्या बाबतीतही पसरते. शेवटी आठ आठवड्यांची ती शिल्लक, म्हणजे ज्या रकमेवर कुणी दावा सांगत नाही तशी, मी पिशवीत घालून खालच्या पाटातल्या आमच्या घरी आणली.

“अहो, कुत्री?” बायको म्हणाली.

“गाय नाही एवढं निश्चित,” मी म्हणालो.

“पडवीच्या आत येता कामा नये,” अण्णांनी झोपाळ्यावरून निकाल दिला. अण्णा म्हणजे माझे वडील. वय वर्षं ७६, निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त ते नोकरीतून. मुख्याध्यापक अजून आहेत.

पोटावरची गोष्ट सापडली ती माझ्या धाकटीला. पिल्लू उताणं झोपलेलं, आणि बेंबीच्या जागी सुपारीएवढा एक फुगवटा. धाकटीने बोटाने हळूच दाबला. तो आत गेला. बोट काढलं. पिल्लाने आळस दिला, फुगवटा पुन्हा वर. “बाबा, पाणीपुरीची पुरी!” ती ओरडली. नाव ठेवायचा प्रश्न तिथेच मिटला. मला मात्र घाम फुटला. पोटातली वस्तू पोटाबाहेर दिसणं हे कुठल्याही हिशेबात बसत नाही.

अशा वेळी माणूस डॉक्टरकडे जातो असा समज आहे. गुहागरात माणूस आधी पडवीत बसतो. संध्याकाळपर्यंत आमच्या पडवीत सात मतं जमली. ज्या तालुक्याने एन्रॉनवर दहा वर्षं मतं दिली, त्याला कुत्रीच्या बेंबीवर मत द्यायला कितीसा वेळ लागणार? एक म्हणाला गाठ आहे, कापून टाका. दुसरा म्हणाला जंत आहेत. तिसऱ्याने सगळा दोष पिल्लाच्या आईवर टाकला : तिने नाळ तोडताना फार ओढली, शिस्त नाही हो आजकाल. चौथा म्हणाला, तुमच्या घरचं जेवण जडच.

शेवटचा उपाय माझ्या आईकडून आला. आणि तो येताना थेट माझ्या बालपणातून आला.

“रुपया बांध तिच्या बेंबीवर,” आई म्हणाली. “तुझीसुद्धा अश्शीच होती फुगलेली. फडक्यात रुपया गुंडाळून घट्ट बांधला. बसली की नाही?”

“माझी?”

“मग कुणाची? म्हणून तर बँकेत लागलास.”

अण्णा झोपाळा न थांबवता म्हणाले, “नाणं मोठं बांधायला हवं होतं. मॅनेजर झाला असता.”

चाळिशी उलटल्यावर आपल्या करिअरचं मूळ असं अचानक हाती लागलं तर माणसाला कसं वाटेल? पण मी भावनेला आवर घालून धंद्याचा विचार केला. आता नाणं कुठलं? चार आणे ३० जून २०११ पासून बाद. हल्लीचा रुपया पुरीच्या फुगवट्यापुढे फारच किरकोळ. राहता राहिलं दहाचं. चांगलं २७ मिलिमीटरचं, बाहेर सोनेरी कडं, आत रुपेरी पोट. शिवाय ते मुबलक, कारण बाजारात ते कुणी सुखासुखी घेत नाही. दहाची चौदाच्या चौदा प्रकारची नाणी खरी आहेत असं पत्रक रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच काढलं. पण आमच्याकडचा भाजीवाला रिझर्व्ह बँकेपेक्षा स्वतःच्या मेव्हण्यावर जास्त विश्वास ठेवतो. आईने एक दहाचं नाणं धुऊन, पुसून, फडक्यासकट तयार ठेवलं.

ते बांधलं गेलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी लसीसाठी पुरीला चिपळूणला न्यायचंच होतं. आमच्या गुहागरहून निघालेला हायवे थेट विजापूरला जातो. पण गुहागरकर चिपळूणच्या पुढे जातो तो एकतर नोकरीला, नाहीतर आजारपणाला. आणि साधारण आजारपण चिपळूणलाच आटोपतं. शृंगारतळी, मार्गताम्हाने, रामपूर अशी साधारण ४५ किलोमीटरची वळणं पुरीने माझ्या मांडीवर बसून पार केली. त्यातली दोन वळणं माझ्या पँटवर उमटली.

डॉक्टर तरुण होते आणि कमी बोलत होते. त्यांनी पुरीला उताणं केलं, फुगवटा बोटाने आत बसवला आणि मग बोटाच्या टोकाने त्याखालचं भोक चाचपलं. “तुम्हीही हात लावून बघा,” ते म्हणाले. मी लावला. कातडीखाली एक गोल कडा लागली. बांगडीची असावी तशी, पण बाहुलीच्या बांगडीची. माझी करंगळी तिच्यात टेकत होती.

“फुगवटा नाही मोजायचा, हे भोक मोजायचं,” डॉक्टर म्हणाले. “नाळेच्या रक्तवाहिन्या ह्यातूनच जातात. जन्मानंतर ते मिटतं. हिचं मिटलं नाही. आत्ता बाहेर येतेय ती नुसती चरबी. मऊ आहे, दुखत नाही, आत जाते. लहान भोक पुष्कळदा सहा महिन्यांपर्यंत आपोआप मिटतं. नाही मिटलं तर नसबंदी करायचीच आहे, त्याच भुलीत शिवून टाकू.”

“आणि हिच्या आईने नाळ ओढली म्हणून...”

“बहुतेक वेळा हे रक्तातूनच येतं. आईवर उगाच आळ. म्हणून तर असल्या कुत्रीची वीण वाढवायची नाही.”

म्हणजे खानदानी दोष. ज्या गावात व्याडेश्वराच्या देवळात माणूस भेटला की आधी कुळ विचारतात आणि मग नाव, तिथे हे मला चटकन पटलं. मग मी भीत भीत नाण्याचं विचारलं.

डॉक्टर पहिल्यांदाच हसले. “नाण्याने भोकाच्या कडा जवळ येत नाहीत. खालची कातडी ओली राहते, चिघळते. आणि पिल्लू दोन तासांत पट्टी कुरतडणार, नाणं गिळणार. मग मला बेंबीऐवजी जठर उघडावं लागेल. लहान मुलांनाही बांधतात अजून लोक. मुलांची बेंबी बहुधा चार-पाच वर्षांची होईपर्यंत आपसूक बसते.”

म्हणजे माझी बेंबी मुदत भरल्यावर बसली, आणि श्रेय रुपयाने घेतलं. परतीच्या वाटेवर मला बँकेतले असे कितीतरी रुपये आठवले. काम मुदतीने होतं, आणि सत्कार त्या वेळी जो वर बांधलेला असतो त्याचा होतो.

डॉक्टरांनी निघताना एक चिठ्ठी दिली होती. औषधाची नव्हे, एक जंताचं औषध सोडलं तर औषध नव्हतंच. चिठ्ठीवर चार प्रश्न होते. फुगवटा कडक झाला का? गरम लागतो का? दाबल्यावर आत जायचा थांबला का? आणि पिल्लू ओकतंय, खात नाही असं आहे का? चारांतला एकही ‘हो’ आला तर वेळ न बघता फोन करायचा. कारण भोकात आतडं अडकून पिळलं, त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर हातात तास असतात, दिवस नाहीत.

हे ‘थांबा’ प्रकरण दिसतं तितकं सोपं नाही. काही करायला सांगितलं की माणूस करून मोकळा होतो. काही करू नका म्हटलं की तो बेजार होतो. मी कॉमर्सचा माणूस, मी वही घातली. जुन्या लेजरची उरलेली लांब वही. दर शनिवारी तारीख, पुरीचं वजन, आणि भोकाचं माप बोटात. ‘करंगळी टेकते.’ ‘करंगळी टेकते.’ ‘करंगळी टेकते, पुरी चावली.’ थांबणं आणि दुर्लक्ष करणं लांबून अगदी सारखंच दिसतं. दोन्हीत माणूस पडवीत बसलेलाच असतो. फरक एवढाच की थांबणाऱ्याकडे वही असते.

पुरी वाढली. कान उभे राहिले, शेपटीला वळण आलं. समुद्रावर नेली की कुर्ल्यांच्या बिळांत नाक खुपसायची आणि लाटेला भुंकून परत पाठवायची. सहा किलोमीटरचा किनारा तिने स्वतःच्या नावावर करून घेतला. भोक मात्र होतं तेवढंच राहिलं. पडवीच्या आत न येण्याचा ठराव एप्रिलमध्ये रद्द झाला, तोही ठराव मांडणाऱ्यानेच केला. उन्हात बसते म्हणून अण्णांनी तिला ओटीवर घेतली. “तात्पुरती,” ते म्हणाले. सरकारी भाषेत तात्पुरतं म्हणजे किती वर्षं ते निवृत्त मुख्याध्यापकाला कुणी सांगायला नको.

मग मे महिन्यातली ती रात्र आली. साडेबाराच्या सुमाराला पुरी ओकल्याचा आवाज आला. दहा मिनिटांनी पुन्हा. मी टॉर्च घेऊन धावलो, मागून बायको, तिच्या मागून धाकटी. पुरी कोपऱ्यात पाठ वाकवून उभी होती. चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’. चिपळूण ४५ किलोमीटर, रात्रीचा एक वाजत आलेला. मी फोन लावला. डॉक्टर झोपेतल्या आवाजात एवढंच म्हणाले, “आधी दाबून बघा. कडक असेल तर लगेच निघा, मी दवाखाना उघडतो.”

मला सांगायला लाज वाटत नाही, रोज लाखांच्या नोटा मोजणारा माझा हात त्या चार बोटं जागेवर टेकेना. पुरी वळवळत होती. धाकटीने रडायला सुरुवात केली होती. एवढ्यात आतून अण्णा आले. पंचा सावरत खाली बसले, पुरीला कुशीवर घेतलं आणि शांतपणे म्हणाले, “असं उभ्याने नाही जात आत. आडवं निजवायचं. पोट सैल पडलं पाहिजे. मग दोन बोटांनी, घाई न करता... हं. गेलं बघ.”

गेलं. मऊपणे, रोजच्यासारखं. पुरीने एक दीर्घ श्वास घेतला, तिसऱ्यांदा ओकली, आणि ओटीवर आंब्याच्या साठाचा हातभर तुकडा आला. वाळत घातलेलं साठ संध्याकाळी कुठे गेलं याचा शोध आपोआप लागला. मी डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, रात्रभर खायला घालू नका, फुगवट्यावर नजर ठेवा. सगळ्यांनी श्वास सोडला. धाकटी पुरीच्या गळ्यात पडली.

एकटी बायको सोडून. ती अण्णांकडे बघत होती.

“अण्णा,” ती म्हणाली, “आडवं निजल्यावर आत जातं, हे तुम्हाला कसं ठाऊक?”

झोपाळ्याची कडी रात्रीच्या शांततेत उगाचच करकरली. “वाचलंय कुठेतरी,” अण्णा म्हणाले.

“कुठे?”

मुख्याध्यापकाने आयुष्यात पहिल्यांदा उत्तर दिलं नाही. मग आई दारातून म्हणाली, “सांगा आता. तीन वर्षं लपवलंत.”

उजव्या जांघेत. नारळाची ओझी उचलताना एकदा कळ आली, मग फुगवटा दिसला. दिवसभर लंगोट घट्ट, रात्री आडवं झालं की हाताने आत. खोकला आला की अण्णा कमरेशी हात का नेतात, देवळाच्या पायऱ्या चढताना मध्येच सृष्टिसौंदर्य का बघतात, याचा उलगडा त्या रात्री आम्हाला झाला. एका घरात दोन हर्निये, आणि वही एकीचीच!

दुसऱ्या दिवशी अण्णांनी बचाव मांडला. “कुत्रीला डॉक्टर थांबा म्हणतो. मग मलाच घाई कशाला? माझंही मिटेल.”

“अण्णा,” मी म्हणालो, “तिची मुदत ठेव आहे. वाढतं अंग आहे, भरून निघायची शक्यता असते. तुमचं थकीत कर्ज आहे. ते आपण होऊन कधी फिटत नाही, नुसतं वाढतं.” ही माझी उपमा असली तरी मजकूर डॉक्टरांचाच, माणसांच्या, मी सकाळी फोन करून विचारला होता. मोठ्या माणसाचा जांघेतला हर्निया आपोआप बरा होत नाही, आणि अडकला तर त्यालाही तासच असतात.

“बघू,” अण्णा म्हणाले. हा शब्द आमच्या घराण्यात व्याडेश्वराच्या खालोखाल पूज्य आहे.

जूनमध्ये पुरीला सहा महिने पुरे झाले. वहीतली शेवटची नोंद : ‘करंगळी टेकते.’ मुदत संपली होती. आदल्या रात्रीपासून तिला उपाशी ठेवलं, आणि पहिल्या पावसात, मोटारीच्या काचा पुसत पुसत चिपळूणला निघालो. मागच्या सीटवर अण्णा. “मला बाजारात काम आहे,” ते म्हणाले. बाजारात ते गेलेच नाहीत. दवाखान्याच्या बाकावर छत्री दोन पायांत धरून तासभर बसून राहिले. आत पुरीला भूल दिली होती. चरबी आत लोटली, भोकाच्या कडा टाक्यांनी जुळवल्या, आणि त्याच चिरेतून नसबंदी. तिच्या पिढीतलं खानदान तिथेच आटोपलं.

संध्याकाळी ती झिंगल्यासारखी चालत ओटीवर आली. गळ्यात प्लास्टिकचा मोठा शंकू, टाके चाटू नये म्हणून. ती दाराला आपटली, तुळशीवृंदावनाला आपटली, अण्णांच्या पायांना आपटली आणि तिथेच झोपली.

“त्याच दिवशी चालवतात का रे?” अण्णांनी मला विचारलं.

“माणसांनासुद्धा पुष्कळदा.”

“टाके?”

“हिचे बाराव्या दिवशी काढणार.”

अण्णा बराच वेळ तिच्या पोटाकडे बघत राहिले. “कुत्री न ओरडता करून आली,” ते शेवटी म्हणाले. एवढंच. पण मुख्याध्यापकाला वर्गातल्या सगळ्यात लहान पोरीच्या मागे राहणं कसं परवडणार?

जुलैमध्ये त्यांचं झालं. डॉक्टर म्हणाले, आत जाळी बसवावी लागेल. “मासे पकडायची का?” अण्णांनी विचारलं, आणि भूल देणाऱ्या बाई हसू लागल्यावर त्यांना बरं वाटलं. ऑपरेशननंतर त्यांनी शुद्धीवर येऊन पहिला प्रश्न केला : “तो शंकू मला नाही ना घालणार?”

पाऊस ओसरला तेव्हा आमच्या ओटीवर झोपाळ्यावर अण्णा आणि झोपाळ्याखाली पुरी अशी बैठक असे. दोघांनाही उड्या मारायची मनाई, दोघांनाही ओझी उचलायची मनाई, दोघांनाही मऊभात. अण्णांच्या नावाचं पान मी त्याच वहीत पुरीच्या पानासमोर उघडलं होतं. एका शनिवारी ते त्यांनी मागून घेतलं, लाल शाईने एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि वही परत दिली.

आईने श्रावणातल्या पहिल्या सोमवारी व्याडेश्वराला जायला घेतलं. फडक्यातून तेच धुतलेलं, पुसलेलं दहाचं नाणं काढलं. पुरीला चिपळूणला नेलं त्याच दिवशी ते तिने देवासाठी बाजूला काढून ठेवलं होतं म्हणे, आणि मेमध्ये त्यात अण्णांचंही नाव घातलं होतं. एका नाण्यात दोन पोटं. म्हणजे पुरीचे टाके, अण्णांची जाळी, चिपळूणचे डॉक्टर आणि माझी वही ह्या सगळ्यांच्या वर बांधलेला होता तो रुपयाच.

“आई, अगं, दहाचं नाणं कुणी घेत नाही हल्ली,” मी म्हणालो.

“तो घेतो,” आई म्हणाली, आणि चपला घालून निघाली.